शेजारच्या भिंतीवरचं बी

माझी बायको गेली हे माझ्याआधी शेजाऱ्याला कळलं.

त्या सकाळी मी पहिल्या गाडीने मिरजेहून घरी आलो होतो. मालननेच पाठवलं होतं. दवाखान्यात बसून बसून माझ्या अंगाला वास यायला लागला होता. ती म्हणाली, घरी जाऊन आंघोळ करा आणि येताना माझी ती मऊ चादर आणा, इथली टोचते. मेव्हणा तिच्याजवळ थांबला. मी घरी येऊन बंब पेटवला, चादर शोधून पिशवीत घातली आणि पाणी तापेपर्यंत परसात बसलो. तेवढ्यात फाटक वाजलं आणि पारिसअण्णा आत आला.

पारिसअण्णा मगदूम आमच्या शेजारी राहायचा. दोघांच्या परसांमध्ये मेंदीचं कुंपण होतं. लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय गेला होता, एका पायाने शिवणयंत्र चालवायचा, लग्न केलेलं नव्हतं. अपंगांसाठीच्या योजनेतून त्याला फोनचं बूथ मिळालं होतं. गल्लीत फोन तेवढाच, म्हणून दवाखान्यात मी त्याचाच नंबर दिला होता. इतक्या वर्षांत तो आमच्या फाटकातून कधी आला नव्हता. काय असेल ते कुंपणावरून बोलायचा. त्या दिवशी कुबडी टेकत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"केरबाभाऊ, मिरजेहून फोन आला," एवढंच म्हणाला. पुढे बोलायची गरज नव्हती.

त्याचे डोळे लाल झाले होते. तोंड धुतलेलं होतं आणि गळ्यापाशी पाणी तसंच होतं. म्हणजे फोन ठेवल्यावर तो घरात रडला, मग तोंड धुतलं आणि मला सांगायला आला. मला पहिल्यांदा हेच दिसलं. मालनसाठी पहिलं रडणं माझं असायला पाहिजे होतं, ते याने आधीच उरकलं. बायको गेल्याच्या बातमीवर माणसाला असं सुचावं हे बरं नाही, पण मला तेच सुचलं.

याचं मूळ जुनं होतं.

मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू झालं की शिमग्यापर्यंत माणूस घरचा राहत नाही. पाळ्या बदलत राहतात. रात्रपाळी करून आलं की दिवसा झोपायचं, उठलं की डबा घेऊन जायचं. आणि परसबागेचं सगळं ठरतं ते नेमकं त्याच महिन्यांत. ज्येष्ठात लावायचं बी थंडीत धरतात. वेलावरचं चांगलं फळ तोडायचं नाही, त्याला चिंधी बांधून ठेवायची, म्हणजे घरातलं कुणी चुकून हात लावत नाही. फळ वाळलं की बी काढायचं, शेणात आणि राखेत कालवायचं आणि चकती करून भिंतीला थापायचं. तसं बी किडत नाही. मग थंडीभर बायका ठरवत बसतात, पुढच्या साली दुधी कुठे, काकडी कुठे, मांडव कुठल्या बाजूला.

मालन हे सगळं पारिसअण्णाबरोबर ठरवायची. चिंध्या त्याच्या दुकानातल्या. आमच्या दुधीला कुणाच्या पोलक्याची लाल चिंधी, काकडीला कुणाच्या सदऱ्याची निळी. एकदा मी पहिली पाळी संपवून आलो तर ही कुंपणाच्या अलीकडे उभी आणि तो पलीकडे कापड कापायच्या फळीवर खडूने आखतोय. जवळ जाऊन बघितलं तर आमचं परस. विहीर, न्हाणीघर, वाफे, सगळं बरोबर मापात. मला बघून मालन म्हणाली, "आलासा? पाणी तापलंय." त्याने हाताने खडू पुसून टाकला. पुसायचं काय कारण होतं ते मला आजवर समजलेलं नाही. कदाचित त्याला दुसरं कापड कापायचं असेल.

कारखान्यात लोक गप्प बसत नाहीत. आमच्या पाळीतला एक फिटर म्हणायचा, केरबा, तू हितं कारखान्याचा बॉयलर तापवतोस, तिकडं बाग शिंपी आखतोय. सगळे हसायचे. मीही हसायचो आणि घरी येऊन जेवताना बोलायचो नाही.

त्यात मुळ्याचं झालं. मला मुळा फार आवडतो. पानांची भाजी, चटका, काहीही. आधी कुंपणाकडच्या वाफ्यात दरवर्षी मुळा असायचा. एका वर्षी मालनने तो बंद केला. विचारलं तर म्हणाली, तिथली माती मुळ्याला मानवत नाही. मला काय कळायचं ते कळलं. पारिसअण्णा जैन, जमिनीखालचं काही खात नाही. भाजी कुंपणावरून तिकडे जायची, मग त्याला चालणारंच तिथे लावणार. माझ्या परसात माझा मुळा नाही आणि ते शेजाऱ्याच्या धर्मामुळे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मनातून काढलंही नाही.

मालन गेल्यावर मी रजा टाकून घरी होतो. गाळप जोरात होतं, कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा आणि मी परसात बसून असायचो. माझी थोरली बहीण सगुणाक्का दिवस होईपर्यंत राहायला आली होती. पारिसअण्णा रोज कुंपणाशी यायचा. वाफे सुकलेत, नळी टाकून पाणी सोडू का, असं एकदा त्याने विचारलं. मी म्हटलं, माझं मी बघतो. दुसऱ्यांदा म्हणाला, "वहिनींनी पुढच्या सालचं सगळं ठरवून ठेवलंय. तुम्ही म्हणाल तेव्हा सांगतो. मला पाठ आहे."

पाठ आहे म्हणाला. मी म्हटलं, नको.

त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं. मालनची पुढच्या सालची बाग मीच लावणार. तिचंच बी, आमचंच परस, माझेच हात. ह्या माणसाला एक शब्द विचारायचा नाही.

तेरावा झाल्यावर सगुणाक्का जायला निघाली. पिशवी भरताना म्हणाली, मालनच्या दुधीचं बी चिमूटभर दे, तिचा दुधी गोड असायचा. मी म्हटलं, घे की. तिने कोठीची खोली बघितली, माळा बघितला, न्हाणीघराची भिंत बघितली, परसाकडची भिंत बघितली. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे आली.

"बी कुठं ठेवलंय तिनं?"

"असेल की घरातच."

"घरात न्हाई. वेलावरची चिंधीची फळं तर काढून नेलेली हायत. मग थापलं कुठं?"

मला माहीत नाही म्हटल्यावर तिने माझ्या भिंतींकडे बघितलं. घराला सिमेंटचा गिलावा करून मी दोन वर्षांपूर्वी आतून-बाहेरून रंग दिला होता. पिस्त्याचा रंग, मीच पसंत केलेला. त्यावेळी मालनला बजावलं होतं की आता भिंतीला शेण लावायचं नाही.

"भिंती रंगवल्यास न्हवं?" सगुणाक्का म्हणाली. "मग बाई बी थापणार कुठं, तुझ्या पाठीवर?" आणि कुंपणापलीकडे मान वळवून म्हणाली, "शिंप्याची भिंत मातीची हाय."

ती दुधीचं बी न घेताच गेली. तिला गाडीत बसवून मी परत आलो, खुरपं घेतलं आणि आमच्या फाटकातून बाहेर पडून त्याच्या दारात गेलो.

दुपारची वेळ होती. तो यंत्रावर बसला होता. मला बघून उठायला लागला, या म्हणाला.

"बी न्यायला आलोय," मी म्हटलं. "मालनचं."

त्याने कुबडी घेतली, कोपऱ्यातली बुट्टी उचलली आणि घरातून मला मागच्या बाजूला नेलं. मी तिथे पहिल्यांदाच जात होतो. मागची सगळी भिंत चकत्यांनी भरली होती. वळचणीपासून कमरेपर्यंत, ओळीने. प्रत्येकीवर हाताचा पंजा उमटलेला, जसा शेणीवर उमटतो. माझ्या घरातलं पुढचं वर्ष दुसऱ्याच्या भिंतीला वाळत होतं आणि मी रोज पाठ करून झोपत होतो.

"यातलं आमचं कुठलं?" मी विचारलं.

त्याने भिंतीवरून नजर फिरवली. म्हणाला, नीट सांगता येणार नाही. दोघं एकाच वेळी थापायचो, जागा दिसेल तिथे. ज्येष्ठात त्या यायच्या आणि आपलं आपलं बरोबर काढून न्यायच्या. कशावरून ओळखायच्या ते मी कधी विचारलं नाही.

मला एकदम बरं वाटलं. त्याला सगळं पाठ होतं, पण हे माहीत नव्हतं.

मी जवळ जाऊन बघितलं. मालनच्या उजव्या हाताचं एक बोट, करंगळीशेजारचं, लहानपणी माहेरच्या गुऱ्हाळात चरकात सापडलं होतं. वरचं पेर गेलेलं. लग्नात अंगठी त्या बोटात घालायला जमेना म्हणून मधल्या बोटात घातली होती. चकतीवर ते बोट आखूड उमटलं होतं. एक सापडली, मग दुसरी. खुरप्याच्या टोकाने मी हलकेच सोडवायला लागलो. हे तिचं. हे तिचं. हे तुमचं, राहू दे. तो बुट्टी धरून माझ्यामागून कुबडीवर सरकत होता.

"तुम्हाला बरोबर कळतंय की," तो म्हणाला.

"माझी बायको होती," मी म्हटलं.

असं करत मी खालच्या ओळीला आलो. तिथे कोपऱ्यात एक चकती होती, बाकीच्यांपेक्षा ओबडधोबड. तिच्यावर आखूड बोट होतं, पण पंजा फिकट होता आणि त्याच्यावर दुसरा, मोठा पंजा उमटला होता. बोटांवर बोटं.

"हे कुणाचं?"

तो बुट्टीतल्या चकत्यांकडे बघायला लागला.

"अण्णा, हे कुणाचं?"

"त्यांचंच."

"वरचा हात?"

"माझा," तो म्हणाला. मग एका दमात सांगून टाकलं. मिरजेला नेलं त्याच्या आदल्या दिवशी त्या आल्या होत्या. उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, माझ्याकडे द्या, मी थापतो. ऐकेनात. हातात जोर नव्हता, चकती दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा मी वरून दाबलं.

आदल्या दिवशी मी कारखान्यावर होतो. बदली माणूस आला नाही म्हणून दुसरी पाळीही मीच केली होती.

खुरपं माझ्या हातात होतं. त्याने ते बघितलं. मागे सरकला नाही, त्या पायाने चटकन सरकताही आलं नसतं.

"तुझ्या मनात काय होतं?" मी विचारलं. आजवर त्याला कधी एकेरी बोललो नव्हतो.

त्याने बुट्टी खाली ठेवली.

"होतं," तो म्हणाला. "माझ्या मनात होतं. त्यांच्या न्हवतं. भांडायचं असलं तर माझ्याशी भांडा, त्यांच्या नावाला काय लावू नका."

नाही म्हणाला असता तर मी त्याला मारलं असतं. होतं म्हणाल्यावर काय करायचं ते मला सुचेना. मी भिंतीपाशी उकिडवा बसलो. तोही कुबडीला धरून खाली दगडावर बसला. शेजारी कुणाच्या तरी घरी तीळ भाजल्याचा वास येत होता. संक्रांत तोंडावर होती.

मग मी विचारलं, चार-चार महिने कुंपणावर एवढं बोलायचासा काय.

"तुमचंच," तो म्हणाला.

"माझं काय?"

तो सांगायला लागला. त्या म्हणायच्या, ह्यांना दोडका चालत नाही, दोडका काढा. ह्यांना काकडी कोवळी लागते, दोन हप्त्यांनी लावा म्हणजे एकदम येणार नाही. पावसाळ्यात कारखाना बंद, हे घरी असतात, तेव्हा वेल भरून असले पाहिजेत. पारिसअण्णा म्हणाला, मी एकदा विचारलं होतं, वहिनी, बाग तुमची का त्यांची? तर म्हणाल्या, रिकामा माणूस घरात बसला की चिडचिड करतोय. भाजी तोडायला लावली की गप असतोय.

ते खरं होतं. पावसाळ्यात मी जरा आवाज चढवला की ती बुट्टी हातात द्यायची आणि म्हणायची, घोसाळी बघा किती जून व्हायला लागलीत. मी जायचो. मला हसू आलं, आणि ते ह्याच्यासमोर आलं म्हणून रागही आला.

"मग मुळा का बंद केला?" मी विचारलं. "तुमच्यासाठीच न्हवं?"

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "मुळा मी खात न्हाई, पण त्यांनी लावायला माझी काय हरकत? मुळा खाल्ला की तुमचं पोट फुगतंय आणि रात्रभर बॉयलरपुढं तुम्हाला त्रास होतोय म्हणायच्या. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम खाल्ला असता."

पोट फुगायचं ते खरं होतं. पण माझ्या पोटाची गोष्टसुद्धा याला माहीत.

मी उठलो आणि त्या शेवटच्या चकतीकडे खुरप्याने दाखवलं. "आणि हे?"

"हे खिडकीचं."

"कुठल्या खिडकीचं?"

"रात्रपाळी करून दिवसा झोपता त्या. चार वाजता ऊन तोंडावर येतं, झोप मोडते, म्हणायच्या. पुढच्या थंडीत तिथं वेल चढवायचा होता. थंडीत पान टिकलं पाहिजे, फार जडही नको, खिडकीचे गज जुने आहेत. कुठला लावायचा ते ठरतच न्हवतं. कार्तिकापासून तेवढं एकच राहिलं होतं. त्या दिवशी ठरलं. म्हणून तर तशा अंगानं आल्या. ह्याच्यात—"

"सांगू नका," मी म्हटलं.

तो थांबला.

मी ती चकती सोडवायला लागलो. कोपऱ्यात घट्ट बसली होती. तो गुडघ्यावर हात ठेवून बघत होता. निम्मी सुटली तेव्हा हळू आवाजात म्हणाला, "केरबाभाऊ, तेवढी एक राहू दे का भिंतीला? बाकी सगळी न्या."

त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं तर कदाचित ठेवली असती. मी बघितलं नाही. "न्हाई," म्हटलं आणि भिंतीच्या मातीच्या खपलीसकट ती काढली, पंच्यात गुंडाळली. भिंतीला मातीचा पिवळा डाग राहिला. घरी येताना त्याच्या दुकानातला फोन वाजत होता, त्याने तो उचलल्याचं ऐकू आलं नाही.

त्या ज्येष्ठात मी बाग लावली. चकती फोडली की बी ओळखता येतं, तेवढं मी शेतकऱ्याचं पोर आहे. दुधी, काकडी, घोसाळी, भोपळा. एकेक चकती फोडताना तिच्यावरचा पंजा जात होता, पण त्याला इलाज नव्हता, बी आतच होतं. कुठे काय लावायचं ते मी त्याला विचारलं नाही. माझ्या मनाने लावलं. भोपळा न्हाणीघराजवळ लावला, तो पत्र्यावर चढला आणि पत्रा वाकला. काकडी सगळी एकदम आली आणि जून झाली. पारिसअण्णा यंत्रावरून बघत असायचा. एकदाही बोलला नाही. मला वाटतं, बोलला असता तर बरं झालं असतं. काकड्या मी कुंपणावर ठेवायचो, तो घेऊन जायचा.

पुढे मी निवृत्त झालो. त्याचं फोनचं बूथ बंद पडलं, यंत्र चालू आहे. त्यानेही आता मागच्या भिंतीला सिमेंट करून घेतलंय. थंडीत आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहतो, हवा-पाण्याचं बोलतो, पुढच्या साली काय लावणार ते एकमेकांना सांगतो. मालनचं नाव दोघंही घेत नाही. त्याला ती आठवते का, हे मला विचारायचं नाही आणि आठवत नसेल तर तेही मला चालणार नाही.

सगुणाक्का दरवर्षी येते आणि फडताळातली ती चकती बघून ओरडते, एवढं जुनं बी आता काय उगवणार, लाव नाहीतर टाक. मी काही करत नाही. दुपारी आडवा होतो, चार वाजता ऊन तोंडावर येतं, उठून गजाला पंचा अडकवतो.

खिडकीवर वेल चढवायचा राहिला आहे. चकती फोडायची राहिली आहे. तिच्यात कशाचं बी आहे ते पारिसअण्णाला माहीत आहे, आणि ते त्याला विचारायचं अजून राहिलं आहे.